खिशातील तोतया

दागिने उजळून देणारे लोक पूर्वी खेडोपाडी हिंडत असत, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको. पुरुषमंडळी शेतावर गेली म्हणजे दुपारच्या वेळी ते दारात येत. प्रथम एखादे तांब्या-पितळेचे भांडे फुकट घासून लख्ख करून देत. मग गोड बोलून गृहिणीच्या हातच्या पाटल्या मागून घेत, वाटीतल्या तेजाबात बुडवीत, आणि हळदीच्या पाण्यासह एका डब्यात घालून डबा तिच्या हाती देत. 'बाई, तासभर झाकण काढू नका, नाहीतर रंग उतरेल,' एवढी ताकीद द्यावयास मात्र ते विसरत नसत. तासाने झाकण निघे तेव्हा पाटल्या चकचकीत असत, परंतु वजनात उतरलेल्या असत. सोने वाटीत विरघळून गेलेले असे, आणि उजळणारा वेस ओलांडून गेलेला असे. आमच्या मते त्या कसबाचे मर्म तेजाबात नव्हते, झाकणात होते. तासभर कोणी पाहू नये, कोणास दाखवू नये, एवढेच त्या भामट्यास हवे असे.

हल्लीचा उजळणारा दारात येत नाही, खिशात येतो. हुलसूरसारख्या गावीही आता चहाच्या टपरीवर चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटविलेला असतो, आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला की दहा रुपये इकडून तिकडे जातात. पुण्या-मुंबईस वा हैदराबादेस कामास गेलेला मुलगा रात्री आठ वाजता पैसे पाठवितो, ते आठ वाजून एका मिनिटाने आईच्या खात्यात पडतात. ही सोय वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. २०२५ साली ज्यांस संतपद मिळाले ते कार्लो अक्युटिस हे पंधराव्या वर्षी निवर्तलेले बालक संगणकावरच बसून ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची नोंद करीत होते. तेव्हा यंत्रास दोष देऊन भागणार नाही. परंतु जी वाट मुलाचे पैसे घरात आणते, त्याच वाटेने घरातले पैसे बाहेरही नेता येतात.

त्यात आम्हां सीमेवरच्या लोकांची एक विशेष अडचण आहे, आणि ती फारशी कोणी बोलून दाखवीत नाही. हुलसूर पूर्वी बसवकल्याण तालुक्यात होते, अलीकडे ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले. महाराष्ट्राची हद्द जवळच. घरात आम्ही मराठी बोलतो, बाजारात कानडी आणि दखनी बोलतो, तहसिलीचा कागद कानडीत येतो, आणि बँकेचा फॉर्म इंग्रजीत वा हिंदीत असतो. निजामाचे राज्य असताना आमच्या आजोबांपुढे येणारा दरबारी कागद उर्दूत असे. तेव्हा पुरता न कळलेला कागद पुढे आला की मान डोलवावी आणि साहेब बोट ठेवील तेथे अंगठा करावा, ही सवय आमच्या हाडीमाशी खिळलेली आहे. पलीकडून कोणी अस्खलित हिंदीत, वर चार इंग्रजी शब्द पेरून, दरडावून बोलू लागला की आमच्या म्हाताऱ्या माणसास तो सरकारच वाटतो. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा ठरेल अशी त्यास भीती वाटते. भामट्यास ही भीती आयतीच सापडते.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ या भागातील एका खेड्यात राहतात. त्यांचे नाव व गाव आम्ही गाळतो. मात्र हकीकत लिहावी, असे त्यांनीच आम्हांस सांगितले. तुरीचे आणि विकलेल्या बैलजोडीचे पैसे, शिवाय नातीच्या लग्नासाठी राखून ठेवलेली पुंजी, असे सर्व मिळून तीन लाख चाळीस हजार रुपये त्यांच्या खात्यात होते. एके दिवशी सकाळी त्यांस फोन आला. त्यांच्या आधार कार्डावर मुंबईत खाते उघडले असून त्यातून काळा पैसा फिरला आहे, सबब त्यांच्यावर पकड वॉरंट निघाले आहे, असे पलीकडील माणसाने सांगितले. मग मोबाइलच्या पडद्यावर खाकी गणवेशातला एक अधिकारी आला. त्याच्यामागे भिंतीवर अशोकस्तंभाची मुद्रा होती. म्हाताऱ्यांनी चष्मा पुसून पाहिले आणि ते उभेच राहिले. बसा म्हटल्यावर बसले.

तो दिवस, ती रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार ते माजघरातल्या खोलीत मोबाइल समोर ठेवून बसून होते. कॅमेऱ्यासमोरून हलावयाचे नाही, आणि बायकोस वा मुलास काही सांगावयाचे नाही, अशी आज्ञा होती; सांगितल्यास तेही गुन्ह्यात गोवले जातील, असा धाक होता. पत्नीने जेवावयास हाक मारली. 'बँकेचे काम चालले आहे, ताट उंबऱ्याशी ठेव,' असे आतून उत्तर आले. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याशी बोललेले हे पहिलेच खोटे असावे. दुसऱ्या दिवशी, रिझर्व्ह बँक तुमचे पैसे तपासून तीन दिवसांत परत करील असे सांगून, त्यांच्याच हातांनी त्यांचे सर्व पैसे दोन हप्त्यांत भलत्या खात्यांवर पाठविण्यात आले. मग पडदा काळा झाला.

याच्यापुढची गोष्ट आम्हांस अधिक दुःखाची वाटते. पैसे गेल्याचे त्यांस त्याच संध्याकाळी कळून चुकले होते. तरीही अकरा दिवस त्यांनी कोणास सांगितले नाही. दोन वेळा विहिरीकडे जाऊन परत आलो, असे ते आम्हांस म्हणाले. पाणी प्यावयास गेलो नव्हतो, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. अकराव्या दिवशी रविवार होता. मिस्सा आटोपल्यावर ते धर्मगुरूंजवळ जाऊन उभे राहिले आणि रडू लागले. फादरांनी त्यांच्या संमतीने पुण्यास मुलाला फोन लावला. मुलाचे पहिले शब्द असे होते, 'बाबा, एवढे शिकलेसवरलेले तुम्ही, आणि तुम्हांला कळले नाही?' मुलगा गुणी आहे, पुढे त्यानेच सर्व धावपळ केली. परंतु आज त्यालाही त्या पहिल्या वाक्याचा पश्चात्ताप होतो. कारण बाबा अकरा दिवस ज्याला भीत होते ते नेमके तेच वाक्य होते.

या प्रकारास 'डिजिटल अरेस्ट' असे नाव पडले आहे, आणि ते नावच खोटे आहे. आपल्या देशाच्या कायद्यात फोनवर वा पडद्यावर अटक करण्याची तरतूदच नाही. उलट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या अठ्ठेचाळिसाव्या कलमानुसार, कोणास अटक केली तर ती गोष्ट त्याच्या नातेवाइकास वा मित्रास ताबडतोब कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा अधिकार तर राज्यघटनेनेच दिलेला आहे. हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. खरा पोलीस अटक करतो तेव्हा घरच्यांस सांगावे लागते. तोतया पोलीस मात्र पहिली अट हीच घालतो, की घरच्यांस सांगू नका. डब्याचे झाकण ते हेच. आणि तपासणीसाठी तुमचे पैसे दुसऱ्या खात्यावर मागवून घेणारी रिझर्व्ह बँक, न्यायालय वा आयकर कचेरी या देशात कोठेही नाही.

आमचे गृहस्थ एकटे नाहीत, आणि अडाणी म्हणून फसले असेही नाही. लुधियान्याच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल हे पद्मभूषण मिळालेले, ब्याऐंशी वर्षांचे, हजारो माणसांचा कारभार पाहिलेले गृहस्थ. २०२४ च्या ऑगस्टअखेर त्यांच्यासमोर पडद्यावर चक्क सर्वोच्च न्यायालय उभे करण्यात आले. सरन्यायाधीशांचे सोंग घेऊन कोणीतरी सुनावणीही केली, आणि सात कोटी रुपये काढून घेतले. त्यांनी तक्रार लवकर केली म्हणून त्यांतील बराच मोठा भाग पोलिसांस परत मिळविता आला. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या 'मन की बात' या भाषणात अशाच एका तोतया पोलिसाचे संभाषण देशाला ऐकविले. ते संभाषण टिपून ठेवणारे गृहस्थ आपल्या शेजारच्या विजापूरचे होते. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गुन्ह्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. इतका हा रोग पसरलेला आहे.

तोतया हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. १७६१ च्या पानिपतानंतर भाऊसाहेब पेशव्यांचे नाव सांगत एक तोतया उभा राहिला. भाऊसाहेब जिवंत असावेत अशी हजारो मनांची इच्छा होती, तीच त्याची खरी फौज. अखेर १७७६ साली पुण्यात त्यास देहान्त शासन झाले, पण तोवर पुष्कळ शहाणीसुरती माणसे त्याच्या मागे गेली होती. तोतया आमच्या डोळ्यांस फसवीत नाही. आमच्या मनात अगोदरच बसलेली आशा वा भीती तो हेरतो, आणि तिच्या अंगावर कपडे चढवितो.

पवित्र शास्त्रात याहूनही जुनी गोष्ट आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील सत्ताविसावा अध्याय आमच्या वाचकांनी पुन्हा एकदा सावकाश वाचावा. म्हातारा, डोळ्यांनी अधू झालेला इसहाक. थोरल्या भावाचा पोशाख घालून आणि हातांस करडांची कातडी बांधून आलेला याकोब. लहानपणापासून ही कथा आम्ही आशीर्वादाची म्हणून ऐकतो, पण तिच्यातली एक गोष्ट आम्हांस अलीकडेच जाणवली. इसहाकाला संशय आला होता! आवाज याकोबाचा आहे, हे त्याच्या कानांनी बरोबर सांगितले होते. त्याने जवळ बोलावून चाचपून पाहिले, पुन्हा एकदा विचारलेही. पण तंबूत तिसरे कोणी नव्हते, आणि ज्याच्याविषयी संशय, त्यालाच त्याने प्रश्न केला. मग कातडीवर विश्वास ठेवून कानांची साक्ष त्याने बाजूस सारली. फसलेल्या प्रत्येक माणसाशी बोलताना आम्हांस हेच ऐकावयास मिळाले आहे. 'मला वाटले होते हो, काहीतरी चुकते आहे,' असे प्रत्येक जण म्हणतो. देवाने शंका दिलेली असते. ती शंका बोलून दाखवावयास दुसरे माणूस जवळ नसते, किंवा जवळ येऊ दिले जात नाही.

आता तर आवाजही उसना घेता येतो. संगणकास एखाद्याच्या बोलण्याचा थोडा नमुना दिला तर त्याच आवाजात तो वाटेल ते बोलून दाखवितो. २०२५ च्या मे महिन्यात पोप लिओ चौदावे निवडून आले, आणि काही आठवड्यांतच त्यांच्या तोंडी भलतीच भाषणे घातलेल्या बनावट चित्रफिती जगभर पसरल्या. व्हॅटिकनला त्याविषयी सावध करावे लागले. जेथे पोपमहाशयांचा आवाज सुटला नाही, तेथे आमच्या मुलाचा कसा सुटेल? 'आई, मला अपघात झाला आहे, ताबडतोब पैसे पाठव,' असा ओळखीच्या आवाजातला फोन परक्या नंबरावरून आला तर तो ठेवून द्यावा, आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरावर आपण स्वतः फोन लावावा. काही घरांनी खुणेचा शब्द ठरविला आहे, उदाहरणार्थ जुन्या म्हशीचे नाव. तो फक्त घरच्यांसच ठाऊक. परक्या आवाजास ते नाव सांगता येत नाही. युक्ती साधी आहे, आणि आम्हांस ती आवडली.

धर्मगुरूंच्या नावानेही हाच खेळ चालतो. फादरांचा वा महागुरुस्वामींचा फोटो लावलेल्या परक्या नंबरावरून निरोप येतो: मी सभेत आहे, फोन घेता येणार नाही, एका रुग्णासाठी तातडीने इतके रुपये पाठवा, संध्याकाळी परत करतो. बिदर जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकांत मेथडिस्ट बांधव पुष्कळ, आमची कॅथोलिक घरे थोडी व विखुरलेली. गुलबर्गा धर्मप्रांतही २००५ सालचा, म्हणजे तरुणच. फादर दर आठवड्यास प्रत्येक गावी पोहोचत नाहीत, त्यामुळे मोबाइलवरील निरोपांवर आमची भिस्त अधिक. पण फादरांस मदत करावयाची तर त्यांच्या हाती करावी, किंवा त्यांच्या तोंडून ऐकून करावी. त्यांस फोन करून विचारल्याने त्यांचा अपमान होत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या काही गोष्टी येथे उरकून घेऊ. मोबाइलवरून पैसे घेण्यास गुप्त आकडा, म्हणजे पिन, कधीही लागत नाही. तो फक्त देण्यासाठी लागतो. 'तुमच्या सोयाबीनचे पैसे पाठवितो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका,' असे जो म्हणेल तो घेणारा आहे, देणारा नव्हे. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यू.पी.आय.वर पैशांची मागणी धाडण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच करण्यात आली, कारण तिचा असाच दुरुपयोग होत होता. बँकेकडून येणारा ओ.टी.पी.चा आकडाही आपल्या तिजोरीची किल्ली आहे. तो कोणासही, अगदी बँकेचा माणूस म्हणविणाऱ्यासही, सांगू नये.

लग्नपत्रिकेची गोष्ट मात्र जरा थांबून सांगण्यासारखी आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यातील हिंगोली येथे एका सरकारी कर्मचाऱ्यास व्हॉट्सअॅपवर परक्या नंबरावरून लग्नाचे आमंत्रण आले. त्याने ते उघडले. ती पत्रिका नव्हतीच, पत्रिकेच्या रूपात धाडलेला एक प्रोग्राम होता. असा प्रोग्राम मोबाइलमध्ये शिरला की बँकेचे संदेश तो परस्पर वाचतो आणि चोराकडे पाठवितो. मालकाने कोणास काही सांगावे लागतच नाही. त्या गृहस्थाच्या खात्यातून सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये गेले. आमच्याकडे लग्नाचे आमंत्रण नाकारणे हे असभ्यपणाचे मानतात, आणि कोणाचे लग्न ते पाहण्याची उत्सुकताही असतेच. चोरट्याने नेमकी तीच नस पकडली. ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतील ती परक्याकडून आली असता कदापि उघडू नये, मग ती पत्रिका असो, वाहनाच्या दंडाची पावती असो, वा शेतकऱ्यांच्या किसान योजनेची यादी असो. कर्नाटकात घरच्या लक्ष्मीस दरमहा दोन हजार देणारी गृहलक्ष्मी योजना आहे, पलीकडे महाराष्ट्रात लाडकी बहीण आहे. २०२५ साली लाडकी बहीणची ओळख-तपासणी सुरू झाली तेव्हा तिच्या नावाची बनावट संकेतस्थळेही निघाली. सरकारी स्थळाच्या पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असा असतो, आणि आता बँकांच्या पत्त्यांचा शेवट 'बँक डॉट इन' असा झाला आहे; घरातील शाळकरी मुलीस दाखविले तर ती एका क्षणात वाचून सांगेल.

तरुणांविषयी आम्हांस वेगळे सांगावयाचे आहे. आजवर आम्ही फसणाऱ्यांचे बोललो. पण फसविणाऱ्याच्या साखळीतली एक कडी आमच्याच गावात तयार होत असते, हे किती आईबापांस ठाऊक आहे? चोरलेला पैसा चोर आपल्या स्वतःच्या खात्यात घेत नाही. तो एखाद्या गरजू मुलास गाठतो. 'तुझे खाते महिनाभर वापरावयास दे, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम माझ्याकडे ठेव, चार-पाच हजार रुपये देतो,' असे सांगतो. मुलास वाटते, माझे काय जाते? पण आमच्या त्या वृद्ध गृहस्थांचे तुरीचे पैसे असल्याच कोणा मुलाच्या खात्यातून पुढे गेले. पोलीस प्रथम त्याच खात्याच्या धन्याकडे येतात, आणि आरोपींच्या यादीत त्याचेच नाव वर असते. खाते भाड्याने देणे म्हणजे चोरास आपला गोठा वापरू देणे होय. यातून दोष लागत नाही असे ज्यास वाटत असेल त्याने पापनिवेदनाच्या वेळी फादरांस विचारावे.

दुसरी भीती परदेशच्या नोकरीची. थायलंडात संगणकावरचे काम, मोठा पगार, राहणे-जेवणे फुकट, अशी जाहिरात मोबाइलवर येते. मुलगा विमानाने बँकॉकला उतरतो आणि तेथून त्यास नदीपार म्यानमारमध्ये नेतात. तेथे तारांच्या कुंपणात कोंडून, पासपोर्ट काढून घेऊन, त्याच्याकडून दिवसरात्र लोकांस फसविणारे फोन आणि निरोप करवून घेतात. नकार दिला तर मार. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांस थायलंडमार्गे परत आणले. म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांना दरडावणाऱ्या आवाजांतला एखादा आवाज स्वतःच कैदेत असलेल्या कोणा आईच्या लेकराचा असू शकतो. हा विचार मनात आल्यापासून त्या आवाजाचा आम्हांस पूर्वीसारखा नुसता राग करता येत नाही. परदेशी नोकरी देणारा दलाल नोंदलेला आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट स्थळावर पाहता येते. नोकरीवर जाणाऱ्यास पर्यटनाचा व्हिसा काढावयास लावणारा माणूस बहुधा नोकरी देणारा नसतो.

इतके करूनही कोणी फसला तर काय करावे? येथे घटकेघटकेस मोल आहे. १९३० हा फोन क्रमांक केवळ याच कामासाठी आहे. रक्कम किती, केव्हा गेली, कोणत्या बँकेतून, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक काय, हे त्यांस सांगावे. ते पैसे ज्या बँकेत गेले तिला लागलीच कळवितात. पैसे तेथेच असतील तर गोठविले जातात, पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेस कळविले जाते. चोर मात्र रक्कम फोडून एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहाव्या खात्यात पळवीत असतो, आणि शेवटी ती कोठल्यातरी एटीएममधून रोख निघते. ही शर्यत पहिल्या काही तासांची आहे. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या स्थळावरही तक्रार नोंदविता येते. आपल्या बँकेसही तत्काळ लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, आपली काही चूक नसताना तिऱ्हाइताने खात्यातून पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळविले, तर तोशीस आपल्यास लागत नाही. आणि आपणच पिन वा आकडा सांगून बसलो असलो, तरी कळविल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेच्या माथी असते.

बिदरला यासाठी वेगळे 'सी.ई.एन.' पोलीस ठाणे आहे. सीमेवर राहणाऱ्यांचे खाते कधी उमरग्यास, कधी निलंग्यास, आणि मुलगा पुण्यास. तेव्हा तक्रार कोणत्या राज्यात द्यावी याचा घोळ होतो. नव्या संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्यात फिर्याद नोंदविता येते. 'ही आमची हद्द नव्हे' असे सांगून परत पाठविता येत नाही. आणखी एक सावधगिरी. पैसे गेल्यावर काही दिवसांनी, 'तुमचे पैसे सोडवून देतो, एवढी फी भरा,' असा फोन येतो. तो बहुधा त्याच टोळीचा असतो. बुडालेल्याच्या अंगावरचे उरलेले कपडे काढून घेण्याचा हा प्रकार आहे.

आमच्या त्या गृहस्थांनी अकरा दिवसांनी १९३० वर कळविले. पैशांचा माग काढता काढता पोलिसांस शेवटच्या एका खात्यात नऊ हजार रुपये गोठविता आले. तीन लाख चाळीस हजारांपैकी नऊ हजार. पहिल्या संध्याकाळी त्यांनी उंबऱ्यापलीकडच्या पत्नीस एक शब्द सांगितला असता, तर किती वाचले असते हे कोणास सांगता येणार? ती बाई शाळा शिकलेली नाही. आम्ही तिला विचारले, तुम्हांस सांगितले असते तर तुम्ही काय केले असते? ती म्हणाली, 'मी काय करणार? मोबाइल उचलून तांदळाच्या डब्यात टाकला असता, आणि म्हटले असते, आधी जेवा.'

घरात आता एक नियम झाला आहे. जपमाळेच्या वेळी सर्वांचे मोबाइल वेदीखालच्या फळीवर ठेवतात, आणि प्रार्थना संपली की उठण्यापूर्वी ज्यास दिवसभरात जो परका फोन वा निरोप आला असेल तो त्याने सर्वांसमक्ष सांगावयाचा. कोणी हसावयाचे नाही, हे मुलाने घालून दिलेले कलम आहे. तो पुण्याहून पडद्यावर हजर असतो. पहिले काही दिवस आजोबा गप्प बसत. आम्ही मागच्या महिन्यात गेलो त्या संध्याकाळी मात्र ते सर्वांच्या आधी बोलले. दुपारी कोणी वीज तोडण्याची धमकी दिली होती, रात्री नऊ वाजता लाइन कापू म्हणून. 'मग तुम्ही काय म्हणालात?' नातीने विचारले. 'म्हटले, कापा. कंदील आहे घरात,' आजोबा म्हणाले, आणि फळीवरून आपला मोबाइल उचलून त्यांनी तो नंबर तिला दाखविला.